पायांतून उमटलेले काव्य



कवी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एकान्त, टेबलावरचा दिवा, हातात लेखणी आणि खिडकीबाहेर लागलेली नजर. कविता करावी ती बसून आणि नाचावे ते दुसऱ्याने रचलेल्या गाण्यावर, अशी कामाची वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. शाळेतही पुष्कळदा तेच. कवितेच्या तासाला हाताची घडी, तोंडावर बोट. नाच काय तो स्नेहसंमेलनात. पण महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा इतिहास चाळला तर निराळीच गोष्ट दिसते. येथे शेकडो वर्षे कविता जन्मली ती हलत्या अंगातून, आणि तीही आयत्या वेळी. हे कसे घडत होते ते आज पाहू.

सुरुवात घरातल्या कामापासून करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या भोजनापासून गायन-नर्तनापर्यंत नाना विषय त्यात आले आहेत. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्याने त्यात करून ठेवली आहे. म्हणजे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी हे गाणे राजाच्या कानावर गेले होते. आणि गाण्याचे नाव घेताना त्याने कामाचेही नाव घेतले, हे विशेष.

आता जात्यावर बसलेली बाई आठवा. कमरेपासून वरचे अंग पुढे जाते, मागे येते. हात खुंट्याबरोबर फिरतो. याला कोणी नाच म्हणणार नाही, पण लय नाचाचीच आहे. ओवीची पहिली ओळ पुष्कळदा ओळखीची असते. कितवी ओवी ते सांगणारी, नाही तर देवाचे किंवा माहेरच्या माणसाचे नाव घेणारी. ती तोंडाने चालू असताना दुसरी ओळ मनात जुळत जाते. वैरण घालण्यापुरता हात थांबला की तेवढी आणखी सवड मिळते. अशी घडलेली ओवी कागदावर सहसा गेली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव हिंडून ओव्या गोळा करायला लावल्या, तेव्हा हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या हाती आल्या. यांतल्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. पण रचना करण्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

जात्यावरून उठून अंगणात या. नागपंचमीला, मंगळागौरीला फुगडी चालते. दोघी हातांची अढी घालतात, पावले जुळवतात, अंग मागे झोकतात आणि गरगर फिरतात. मधेच एकीने दोन ओळींचा टोला हाणायचा, की दुसरीने त्याला यमक जुळवून उत्तर द्यायचे. विषय घरचेच: सासू, नणंद, समोरच्या गडणीचा ठसका. गोव्यातही फुगडी आहे. तिथेच पौष महिन्यात मांडावर धालो होतात. बायका दोन रांगा करून समोरासमोर उभ्या राहतात आणि पुढे-मागे पावले टाकीत गाणी म्हणतात. ही अंगणातली लय साध्या माणसाच्या कानात किती मुरली आहे, हे संत एकनाथांनी (१५३३–१५९९) ओळखले होते. म्हणून तर त्यांनी फुगडीवरही भारूड रचले. अध्यात्म सांगायचे ते लोकांच्या पायांना ठाऊक असलेल्या ठेक्यावर, हे त्यांचे शहाणपण.

पुरुषांचा असा खेळ पाहायचा तर कोकणात जावे लागेल. गौरी-गणपतीच्या दिवसांत रत्नागिरीकडे जाखडी रंगते. तिलाच बाल्या नाच असेही म्हणतात. मधोमध शाहीर बसतो, शेजारी ढोलकी आणि झांज. त्यांच्याभोवती आठ-दहा गडी पायात चाळ बांधून फेर धरतात. समोर दुसरा फड असतो. एक पक्ष कलगीवाल्यांचा, शक्तीला श्रेष्ठ मानणारा. दुसरा तुरेवाल्यांचा, शिवाला श्रेष्ठ मानणारा. एकाने पद्यात कोडे घालायचे, दुसऱ्याने पद्यातच सोडवायचे. हीच कलगी-तुऱ्याची परंपरा देशावरही भेदिक गाण्यांत नांदली. या खेळात सारेच काही जागच्या जागी सुचते असे नाही, बरं का! पुराणकथा, देवादिकांची नावे, जुन्या चाली यांचा साठा शाहिराने वर्षानुवर्षे केलेला असतो. रिकाम्या कोठारातून आयत्या वेळी धान्य निघत नाही. पण भरल्या कोठाराचे दार उघडायला काही निमित्त लागते, आणि ते निमित्त फेरातले पाय देतात. नाचणारे ध्रुपद घोळवीत असतात, तेवढ्या अवकाशात शाहीर पुढचे कडवे बांधतो.

आता लावणीकडे वळू. इथे नाच आणि काव्य यांचे नाते आणखी नाजूक होते. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा नजरेत रुसवा, दुसऱ्यांदा हाताच्या एका वळणात आर्जव, तिसऱ्यांदा नुसती मान फिरवून थट्टा. शब्द तेच, पण दर खेपेस अर्थ नवा. कोणत्या अदेनंतर कोणती अदा, हे सगळे आधी लिहून ठेवलेले नसते. ढोलकीचा बोल आणि समोरच्या रसिकांचा चेहरा पाहून ते ठरते. वाई परिसरातल्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) या अदाकारीसाठी नावाजल्या गेल्या. कोल्हाटी समाजात जन्मलेल्या या कलावतीला २०१२ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा मूळ ओळ शाहिराची खरी. पण तिच्यातून जो तिसरा-चौथा अर्थ निघाला, त्याची कवयित्री नाचणारी नव्हे काय?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण आपल्या इतिहासाने येथे थोडा पक्षपात केला आहे. लावण्या छापल्या गेल्या तेव्हा शब्द उरले, पाय गळून पडले. होनाजी रचत असे आणि बाळा गात असे. ती जोडी नावात तरी टिकली. पेशवाईच्या काळात तमाशात स्त्रीवेष घेऊन मुलगे नाचत. त्यांनी कोणत्या ओळीला कसे वळण दिले, हे छापील पुस्तकाला सांगता येत नाही. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आले. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातले हे श्रीधर कृष्णाजी. महार समाजात जन्मलेल्या पवळाबरोबर त्यांनी फड गाजवला. ते लावणी रचीत आणि पवळा ती गाऊन-नाचून जिवंत करी. जातीची बंधने कडक असताना दोघांनी एका बोर्डावर उभे राहावे, हे पुष्कळांना रुचले नाही. आज बापूरावांच्या लावण्या पुस्तकांत सापडतात. पवळाची अदा मात्र तिला पाहणाऱ्यांबरोबरच गेली. तिचे नाव राहिले, हेच नशीब; तिच्यासारख्या कितीजणींचे तेवढेही राहिले नाही.

मंडळी, जाते, फुगडी, जाखडी, लावणी हे चार प्रकार चार ठिकाणचे. पण चारांतली यंत्रणा एकच आहे. एक ठेका पक्का असतो. तो सांभाळायचे काम अंगाकडे सोपवले की मन मोकळे होते. एक ओळ ठरलेली असते. ती परत परत येते आणि नव्या ओळीला सवड मिळते. आणि समोर कोणीतरी असते, जोडीची गडण, विरुद्ध फड, नाही तर रसिक. त्यामुळे उत्तर द्यावेच लागते, टाळता येत नाही. उत्स्फूर्त म्हणजे बेबंद नव्हे. बांध घातलेल्या शेतातच पाणी मुरते, तसे हे आहे.

शिवाय ध्रुपदाचा आणखी एक मोठा गुण आहे, आणि शिक्षकबंधूंनी तो जरूर ध्यानात घ्यावा. एखाद्याला ओळ सुचली नाही तर सगळे मिळून ध्रुपद म्हणतात आणि फेर पुढे सरकतो. अडखळलेला उघडा पडत नाही. भीती गेली की पुढच्या फेरीत त्यालाही काहीतरी सुचते.

यासाठी पैसा लागत नाही की वाद्य लागत नाही. कवितेच्या तासातली शेवटची दहा मिनिटे घ्या. मुलांना अंगणात गोल उभे करा. दोन पावले पुढे, दोन मागे, एक टाळी, एवढा ठेका बसू द्या. मग गावाच्या ओढ्यावर, बाजारावर, नाही तर एस. टी.वर मुलांनीच एक ध्रुपद ठरवावे आणि पाळीपाळीने एकेक ओळ जोडावी. ज्याला शब्द सुचणार नाही त्याने नवे पाऊल दाखवावे, आणि बाकीच्यांनी त्या पावलाला शब्द शोधावा. नंतर वर्गात येऊन ते सारे वहीत उतरवा. ओळ ज्याची त्याचे नाव तिच्यापुढे लिहा. आणि पाऊल ज्याने दाखवले त्याचेही नाव लिहायला विसरू नका. जुन्या लावणीच्या पुस्तकांत जी उणीव राहिली, ती निदान आपल्या शाळेच्या वहीत राहू नये.

गावोगाव विजेवरच्या गिरण्या आल्या, बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पहाटेचे जाते पुन्हा ओढा, असे कोणी म्हणणार नाही. पण जात्याबरोबर ओवी रचण्याची सवयही गेली, तिला मात्र दुसरी जागा द्यायला हवी. ती जागा शाळेचे अंगण असू शकते, गणपतीचा मांडव असू शकतो, किंवा मंगळागौरीची रात्र. तुमच्या घरात फुगडीचे उखाणे येणारी आजी असेल, आळीत जुना शाहीर असेल, तर त्यांच्याकडून केवळ जुनी गाणी उतरवून घेऊन थांबू नका. ‘हे तुम्हांला सुचायचे कसे, ते दाखवा,’ असे म्हणा. बहुधा ते सांगायला बसणार नाहीत. पदर खोचून किंवा धोतर सावरून उभेच राहतील. तेव्हा तुम्हीही उठा.