निष्कर्षांची परतवाट

अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ पासून चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसवर डॉक्टर नोंदी ठेवत राहिले. आपल्याला काय झालंय हे त्या माणसांना नीट सांगितलं नाही, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅमला हृदयरोगाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा तपासणीचा अहवाल निदान त्या व्यक्तीच्या डॉक्टरकडे जाऊ लागला. संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. पण अभ्यासाचा निकाल कळणं हा सहभागी रुग्णाचा हक्क आहे, हे त्यात लिहिलं जायला २००८ उजाडलं. इतका उशीर मला आजही खटकतो.

याच्या उलट उदाहरण सिंगापूरचं. तिथे २००९ ला 'गस्टो' हा आई-बाळांचा अभ्यास सुरू झाला. दोन रुग्णालयांतल्या चिनी, मलाय आणि भारतीय वंशाच्या बाराशेहून अधिक गरोदर स्त्रिया त्यात होत्या. तोवर तिथे गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी जोखमीच्या वाटणाऱ्या बायकांचीच होई. 'गस्टो'ने सव्वीस ते अठ्ठावीस आठवड्यांत सगळ्यांनाच ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, आणि जवळजवळ पाचांतल्या एकीला मधुमेह निघाला. तिला तिचा निकाल लगेच कळला. पथ्य किंवा इन्सुलिन सुरू झालं. पण अभ्यासाबाहेरच्या बायकांचं काय? २०१६ पासून तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनी ही तपासणी सगळ्याच गरोदर स्त्रियांसाठी खुली केली. बाराशे जणींनी दिलेलं रक्त असं पुढच्या हजारो जणींच्या कामी आलं. निष्कर्ष परत देण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

या गोष्टीचा एक धागा पुण्याला पोचतो. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोंची, हडकुळी, तरी अंगात चरबी राखून असलेली. पुढे 'गस्टो'तल्या भारतीय वंशाच्या नवजात बाळांच्या पोटावरही चिनी बाळांपेक्षा जास्त चरबी एमआरआयमध्ये दिसली. भारतीय घरातल्या सुनेला 'बाळ बारीक आहे, खाऊ घाल' असं सांगणाऱ्या प्रत्येक आजीपर्यंत ही माहिती पोचायला हवी, तिच्या भाषेत.

सिंगापूरने २०१५ मध्ये जैववैद्यकीय संशोधनाचा कायदा केला. संशोधनात अनपेक्षित काही सापडलं तर तुम्हाला शोधून कळवावं का, याबद्दलची तुमची इच्छा संमतीच्या वेळीच नोंदवण्याची सोय त्यात आहे. ही सोय मोलाची आहे, पण ती एकेका माणसापुरती. सगळ्या गटाबद्दल जे कळलं ते त्या गटाला कुणी, कधी सांगायचं, हेही संमतीपत्रातच लिहिलेलं असावं.