सहभागिता आणि दीक्षित सेवा (कॅथलिक) : सुरत

कॅथलिक विचारात चर्च ही बिशपांभोवती जमलेल्या आणि पोपशी जोडलेल्या स्थानिक मंडळ्यांची सहभागिता होय. दीक्षेच्या पायऱ्या तीन : डीकन, धर्मगुरू, बिशप. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) बिशपपदात दीक्षेची पूर्णता मानली. धर्मगुरू मिस्सा अर्पण करतो तो बिशपाशी ऐक्य राखूनच. पण बिशप कोणता, हाच सुरतेतला जुना पेच. सतराव्या शतकात तेथे फ्रेंच कापुचिन संघाचे संन्यासी राहत. त्यांना रोमच्या धर्मप्रसार मंडळाचा आधार, तर गोव्याचे आर्चबिशप पोर्तुगीज पाद्रोआदोचा (पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या चर्च-संरक्षणाधिकाराचा) हक्क सांगत. दीक्षा दोन्हीकडची वैध; तंटा अधिकाराचा. सुरतेवरील १६६४ च्या स्वारीत शिवाजी महाराजांनी याच कापुचिनांपैकी फादर अँब्रोझ यांच्या निवासाला धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो. आज सुरत १९६६ साली स्थापन झालेल्या बडोदा धर्मप्रांतात मोडते, म्हणजे तिचा बिशप बडोद्याचा.