डाव्या पायाचं काम

लहान गाड्यांत ऑटोमॅटिक गिअर मिळू लागले, तेव्हा पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू आलं, “चला, आता बायकांची सोय झाली!” म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण इतिहास बघितला तर हे बोलणं टिकत नाही. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली गाडी त्याला न सांगता घेऊन निघाली आणि दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, पोचली. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे तिनेच नवऱ्याला सुचवलं, असं सांगतात. म्हणजे गिअरचं आणि बायकांचं वाकडं पहिल्यापासून नव्हतंच.

मग आपल्याकडे छोट्या गाडीत इतकी वर्षं क्लचचाच गिअर का मिळत राहिला? कारण साधं आहे. पैसा.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटचा, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दांडा दोन सीटच्या मध्ये, खाली आला. इंजिन ७९६ सीसीचं, गिअर चार. त्या काळच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर लागायचा. तो महाग, वजनदार, आणि एवढ्याशा इंजिनाची थोडी ताकद वाटेतच खाणारा. नव्वदच्या दशकात मारुतीने झेनमध्ये तीन गिअरची ऑटोमॅटिक देऊन पाहिली, पण ती थोड्याच घरांत गेली. “ॲव्हरेज किती देते?” हा आपला पहिला प्रश्न. शिवाय क्लचप्लेट गेली तर नाक्यावरचा गॅरेजवालाही बदलून द्यायचा. ऑटोमॅटिक बिघडली तर हात कुणी लावायचा?

२०१४ हे साल म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन थांबलं आणि फेब्रुवारीत सेलेरिओ आली, एएमटी घेऊन. गंमत अशी की एएमटीत गिअरबॉक्स नवा नव्हताच! पाच गिअरचा तोच जुना डबा. फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं संगणकाच्या हुकमाने हायड्रॉलिक यंत्रणा करू लागली. किंमत सुमारे चाळीस हजारांनी जास्त, पण कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज दोन्हींचं सारखंच. पुढच्याच वर्षी नॅनोलाही एएमटी मिळाली. ऑटोमॅटिक आपल्या घरात आली ती अशी, जुन्या गिअरला न हाकलता, त्याच्याच खांद्यावर बसून. सुटलं ते फक्त डाव्या पायाचं काम.

आज अमेरिकेत छोट्या गाडीतसुद्धा क्लचवाली शोधावी लागते. आपल्याकडे अजून उलट आहे. बहुतेक लहान गाड्यांचं सगळ्यात स्वस्त मॉडेल क्लचचंच असतं, आणि एएमटी हवी तर वरच्या दराचं मॉडेल घ्यावं लागतं. तेव्हा सोय झाली ती बायकांची की ज्यांना परवडतं त्यांची, याचा विचार करावा. पहिलीच गाडी हप्त्यांवर घेणाऱ्या घरातली सून, शिकवणीला जाणारी मुलगी क्लचवरच शिकते. आमच्या बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना ड्रायव्हर लोकांचा जुना नियम तिला पाठ असतो. ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग ब्रेक तापत नाहीत.

हे सगळं येऊनही गुडघा दुखतो म्हणून तिने उद्या ऑटोमॅटिक मागितली, तर जरूर मागावी. न मागता क्लचच ठेवला, तरी उत्तम. फक्त “तुला झेपेल तीच घेऊ या” असं परस्पर कुणी ठरवू नये. झेपण्याचा प्रश्न १८८८ सालीच निकालात निघाला आहे. राहिला आहे तो किमतीचा, आणि तो घरातल्या सगळ्यांचा आहे.