इंग्रजीचा विशेष अभ्यास आणि मराठी समीक्षेची घडण

विद्यापीठातील एखाद्या विषयाचा इतिहास बहुधा त्या विषयाचे अध्यापकच लिहितात आणि त्यामुळे तो विषयाच्या प्रगतीचा इतिहास होतो. भारतातील इंग्रजी या विषयाला ही सोय उरलेली नाही. गौरी विश्वनाथन यांचा ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून इंग्रजी साहित्याच्या अध्यापनाकडे वासाहतिक सत्तेचे एक साधन म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली आहे. त्यापूर्वीची प्रबोधनवादी मांडणी याच्या नेमकी उलट होती. इंग्रजी विद्येने एतद्देशीयांचे डोळे उघडले, असे ती सांगत असे. परस्परविरोधी असूनही या दोन्ही मांडण्यांत एक साम्य आढळते. देणाऱ्याने काय दिले, याचाच विचार त्या करतात. इंग्रजी हा विषय निवडून पदवी घेणाऱ्याने त्या अभ्यासाचे स्वभाषेत पुढे काय केले, हा प्रश्न दोहोंच्याही कक्षेबाहेर राहतो. महाराष्ट्रापुरता तरी हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

प्रथम काही सनावळी ध्यानात घ्यावयास हवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन १८२८ मध्ये सुरू झाले. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा अस्तित्वात यावयास १८९४ साल उजाडले आणि केंब्रिजमध्ये इंग्रजी ट्रायपॉस सुरू झाली ती १९१७ मध्ये. तोपर्यंत या दोन्ही विद्यापीठांत ग्रीक व लॅटिन यांचेच वर्चस्व होते. इकडे मेकॉलेचे टिपण १८३५ चे, वुडचा खलिता १८५४ चा आणि कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठांची स्थापना १८५७ ची. म्हणजे ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य हा पदवीयोग्य विषय वाटू लागण्यापूर्वी सुमारे तीन दशके मुंबईचे विद्यार्थी त्यात परीक्षा देत होते.

मुंबई इलाख्यात या घटनेला आणखी एक पदर आहे. शिक्षणाचे माध्यम कोणते असावे, हा वाद येथे १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये झडला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कॅप्टन जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर वादाचे स्वरूप पालटले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक असलेले सर अलेक्झांडर ग्रँट एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे कुलगुरू झाले. ऑक्सफर्डच्या अभिजात परंपरेचे संस्कार घेऊन आलेल्या या विद्वानाच्या काळात, १८६० च्या दशकात, महाविद्यालयीन अभ्यासक्रमातून देशी भाषा बाहेर पडल्या. इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, लॅटिन यांसारखी अभिजात भाषा असावी, अशी व्यवस्था रूढ झाली.

या व्यवस्थेचा परिणाम पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. पदवीच्या अभ्यासक्रमात दोन प्रकारच्या भाषा उरल्या : एक, जिचे वाङ्मय पूर्ण झालेले आहे अशी अभिजात भाषा, दुसरी, जिचे वाङ्मय अद्याप घडत आहे अशी इंग्रजी. चालू काळातील लेखन हे अभ्यासाचे, तुलनेचे व मूल्यमापनाचे क्षेत्र होऊ शकते, याचे एकमेव उदाहरण विद्यार्थ्यासमोर होते ते इंग्रजीचे. ज्या भाषेत तो घरी बोलत होता, कीर्तन ऐकत होता, वृत्तपत्र वाचत होता, त्या भाषेविषयी असा विचार करण्याची शिस्त त्याला इंग्रजीच्या वर्गातच मिळू शकत होती.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे याचे पहिले ठळक उदाहरण. ते डेक्कन कॉलेजचे पदवीधर. ‘निबंधमाला’ (१८७४–१८८१) स्वभाषेच्या अभिमानासाठी ओळखली जाते. पण निबंध हा तिचा घाटच इंग्रजी नियतकालिकांच्या परंपरेतून आलेला आहे आणि तिच्यात डॉ. जॉन्सनवर विस्तृत लेखन आहे. कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतरही विष्णुशास्त्र्यांनीच पूर्ण केले. इंग्रजी राज्यावर प्रखर टीका करणाऱ्या या लेखकाने टीकाकाराचा आदर्श इंग्रजी वाङ्मयातून घेतला, याला विसंगती म्हणणे सोपे आहे. वस्तुतः स्वतःच्या भाषेत टीकाकार होण्याचे शिक्षण देणारी दुसरी जागा विद्यापीठात नव्हती.

पुढील पिढीत हे शिक्षण मराठी वाङ्मयाकडे थेट वळू लागले. फर्ग्युसन कॉलेजातील इंग्रजीचे अध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ला ‘त्राटिका’ हे मराठी रूप दिले. त्याच महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे वासुदेव बळवंत पटवर्धन यांनी १९१७ मध्ये विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत महाराष्ट्रातील भक्तिकवींवर इंग्रजीतून व्याख्याने दिली. संतांच्या वाणीला प्रथम ‘काव्य’ म्हणून जोखण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत इंग्रजीचा एक अध्यापक असावा, ही बाब अर्थपूर्ण आहे. वारकऱ्याला तुकारामांच्या अभंगाचे काव्य म्हणून समर्थन करण्याची गरज कधीच वाटली नव्हती. ती विद्यापीठाला वाटली, आणि ते समर्थन इंग्रजी काव्यविचाराच्या परिभाषेत झाले.

दरम्यान विद्यापीठात मराठीला परत आणण्याचा प्रयत्न चालू होता. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले न्या. महादेव गोविंद रानडे यांनी तो नेटाने केला. देशी भाषांत अभ्यासयोग्य ग्रंथ नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे रानड्यांचे १८९८ चे टिपण हे या आक्षेपाला दिलेले उत्तर म्हणूनही वाचता येते. आणि तेही इंग्रजीतच लिहिलेले आहे. जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तले. विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. मात्र तोवर ‘साहित्याचा अभ्यास’ म्हणजे काय, याचा साचा इंग्रजीच्या अभ्यासक्रमात पक्का झालेला होता.

विसाव्या शतकातील मराठी समीक्षेत हा साचा वापरला गेला, ताणला गेला आणि मोडलाही गेला. बा. सी. मर्ढेकर यांचे सौंदर्यविषयक चिंतन प्रथम ‘आर्ट्‌स अँड मॅन’ (१९३७) या इंग्रजी पुस्तकात प्रकटले आणि नंतर मराठीत विस्तारले. इंग्रजीचे अध्यापक विंदा करंदीकर यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र व ‘राजा लिअर’ मराठीत आणले. इंग्रजीचेच प्राध्यापक रा. भा. पाटणकर यांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मराठीतील सौंदर्यशास्त्रीय चर्चेचा पाया ठरली. देशीवादाची मांडणी करणारे भालचंद्र नेमाडे हेही इंग्रजीचे एम.ए. व अध्यापक, ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मधील इंग्रजीच्या अनुकरणावरील त्यांचे प्रहार बाहेरून आलेले नाहीत. ज्या वर्गाविषयी ते लिहितात, त्या वर्गात ते विद्यार्थी आणि अध्यापक या दोन्ही नात्यांनी बसलेले आहेत.

येथवरची नावे पाहता हा इतिहास प्रामुख्याने उच्चवर्णीय किंवा प्रतिष्ठित मध्यमवर्गाचा आहे, असा आक्षेप संभवतो आणि तो बव्हंशी खराही आहे. म्हणूनच डॉ. म. ना. वानखेडे यांचे उदाहरण निर्णायक ठरते. अमेरिकेत इंग्रजी साहित्याचे उच्च शिक्षण घेऊन ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य झाले. १९६० च्या दशकात दलित लेखकांना त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली. ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकांभोवती उभ्या राहिलेल्या चर्चेत ती ओळख मुरली. मुंबई-पुण्याच्या मराठी समीक्षेने दलित लेखनाला जे निकष लावले असते, त्यांना पर्यायी निकष येथे इंग्रजीतून मिळाले. ज्या विषयाने एका वर्गाला साहित्यिक अभिरुचीचे अधिकारपत्र दिले, त्याच विषयाच्या साह्याने दुसऱ्या वर्गाने ते अधिकारपत्र तपासण्यास मागितले.

गणेश देवी यांनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (१९९२) मध्ये वासाहतिक शिक्षणामुळे भारतीय समीक्षेला स्मृतिभ्रंश झाला, असे प्रतिपादन केले. मध्ययुगीन भाषापरंपरांचा विसर ही हानी खरी आहे. परंतु स्मृतिभ्रंशाचे रूपक स्वीकारले की विसरणारा कर्ताच उरत नाही. चिपळूणकर, पटवर्धन, मर्ढेकर, नेमाडे, वानखेडे यांनी इंग्रजीच्या अभ्यासातून वेगवेगळ्या गोष्टी घेतल्या व वेगवेगळ्या गोष्टी नाकारल्या. ही निवड त्यांच्या भाषिक आणि सामाजिक स्थानाने ठरविली. निवड जेथे आहे तेथे जबाबदारीही आहे, आणि समीक्षेच्या इतिहासाला तिचा हिशेब मांडावा लागतो.

मराठी समीक्षेचे इतिहास ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या क्रमाने लिहिले जातात. त्या ग्रंथकारांनी कोणत्या परीक्षा दिल्या, कोणती पुस्तके त्यांना नेमलेली होती आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे लिहून ते उत्तीर्ण झाले, याची नोंद त्यांत क्वचितच सापडते. अशी नोंद घेतली, तर मराठी समीक्षेतील पुष्कळशा वादांचे मूळ विद्यापीठांच्या जुन्या दिनदर्शिकांत आणि प्रश्नपत्रिकांत सापडण्याचा संभव आहे. इंग्रजी विभागाचा इतिहास हा मराठी वाङ्मयेतिहासाचाच एक भाग आहे. दोन विभागांमधील भिंतीमुळे तो आजवर कोणाच्याच वाट्याला आलेला नाही.