एकाच बराकी, दोन वेळचे निर्वासित: वळिवडे ते गांधीनगर

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने करतो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘बाहेरच्या राज्यातल्या लोकांना फ्लॅट भाड्याने देऊ नका, वातावरण बिघडतं.’ निमित्त होतं ईशान्येकडून आलेलं एक जोडपं. दोघंही हॉस्पिटलात नोकरीला. मेसेजखाली धडाधड अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही, पण विरोधही केला नाही. गप्प बसलो. गंमत बघा, मी स्वतः कोल्हापूरचा. सहा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन याच सोसायटीत भाड्याने आलो.

त्या रात्री मला आठवलं ते गांधीनगर.

कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर! कपड्याचा मोठा होलसेल बाजार, कोकणातून आणि कर्नाटकातूनही गिऱ्हाईक येतं. माझ्या ताईचा बस्ताही तिथलाच. आजोबा मात्र गांधीनगर म्हणायचे नाहीत. म्हणायचे, “चल, निर्वासितांच्यात जाऊन येऊ.” आणि दुकानात पाय ठेवला की तो सिंधी दुकानदार अस्सल कोल्हापुरीत विचारायचा, “काय पावनं, लय दिसानं?”

लहानपणी मला वाटायचं, निर्वासित हे त्या बाजाराचं नाव आहे. अर्थ खूप उशिरा कळला. आणि त्याहून उशिरा हे कळलं, की या जागेत निर्वासित एकदा नाही, दोनदा आले.

तर पहिली वेळ. साल १९४३. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे लांबच लांब कौलारू बराकी उभ्या राहिल्या आणि पोलंडची सुमारे पाच हजार माणसं तिथे राहायला आली. बहुतेक बायका आणि मुलं. पोलंडहून थेट कोल्हापूर? नाही, मधला प्रवास फार भयंकर आहे. १९३९ मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत रशियानेही पोलंडवर हल्ला केला. १९४० आणि ४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा रशियाला पोलंडशी समझोता करावा लागला. हे लोक सुटले, इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यातले काही भारतात आले. गुजरातेत नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला. ती छावणी बंद झाल्यावर तिथली बरीच मुलंही वळिवड्यालाच आली.

वळिवड्यात चर्च होतं, पोलिश शाळा होत्या, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं, सगळं होतं. म्हणजे एक छोटं पोलंडच. लंडनमधून चालणारं परागंदा पोलिश सरकार खर्च बघायचं. आणि सगळ्यांचा हिशोब एकच होता, युद्ध संपलं की घरी जायचं.

युद्ध संपलं. पण त्यांची गावं ज्या भागात होती, तो पूर्व पोलंड नव्या नकाशात सोव्हिएत संघाकडे गेला. परतायचं कुठे? बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली.

या पाहुण्यांनी कोल्हापूरची आठवण जपली, हे मात्र खरं. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे गेले होते, तेव्हाचे रील्स तुम्ही पाहिलेही असतील.

आता दुसरी वेळ, जिचे रील्स होत नाहीत. फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल तुटले, पण त्यांचा एक तुकडा तरी भारतात राहिला. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे सिंधी हिंदूंना ‘आपलं’ म्हणावं असं राज्यच इकडे उरलं नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटी भरभरून लोक मुंबईला यायला लागले. त्यांना ठेवायचं कुठे? युद्ध संपल्यामुळे लष्करी छावण्या मोकळ्या होत्या. कल्याणची छावणी म्हणजे आजचं उल्हासनगर. पिंपरीतही असाच कॅम्प झाला. आणि वळिवड्याच्या पोलिश बराकींत सिंधी कुटुंबं आली. त्या वस्तीचं नाव झालं गांधीनगर.

बराकी त्याच, पण दोन्ही वेळच्या माणसांत एक मोठा फरक होता. पोलिश लोक जाणार होते, सिंधी राहणार होते. आणि मंडळी, माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते. जाणाऱ्या पाहुण्याशी चांगलं वागणं सोपं असतं. राहणारा माणूस उद्या आपल्या शेजारी दुकान टाकतो, आपल्याच गिऱ्हाइकाला स्वस्तात माल देतो. मग तो खुपायला लागतो.

मग हे लोक रुजले कसे? छप्पर मिळालं म्हणून? फक्त तेवढ्यावर नाही. १९५४ मध्ये केंद्र सरकारने निर्वासितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा केला. पाकिस्तानात सुटलेल्या मालमत्तेच्या बदल्यात इकडे काहीतरी स्वतःच्या नावावर होण्याची वाट त्याने उघडली. कॅम्पातला माणूस पत्ता असलेला माणूस झाला. दुसरी गोष्ट सरकारच्या हातात नव्हती, ती म्हणजे गिऱ्हाईक. माझ्या आजोबांसारखी माणसं दुकानाची पायरी चढली, उधारीवर कापड घेऊन आली. उधारी म्हणजे काय, तर हा माणूस पुढच्या महिन्यातही इथेच असणार, आणि मीही, असा दोघांचा भरवसा. त्या व्यवहारातूनच ती कोल्हापुरी बोली दुकानदाराच्या तोंडी बसली. भाषा आधी शिका, मग सौदा करू, असं आजोबा कधी म्हणाले नाहीत.

एवढं असूनही ‘निर्वासित’ हा शब्द मात्र आजोबांच्या तोंडून शेवटपर्यंत गेला नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दुकानदाराचा जन्मच गांधीनगरातला होता. त्याला तो शब्द ऐकून काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

तर ग्रुपवर मी शेवटी लिहिलं. उशिराच. ‘मीही बाहेरचाच आहे, मला तुम्ही ठेवून घेतलंत.’ दोघांनी अंगठा दिला, एका काकांनी ग्रुप सोडला! ते जोडपं आता तिसऱ्या मजल्यावर राहतं. भाडेकरार, पोलीस पडताळणी, गॅस कनेक्शन यासाठी मी त्यांच्यासोबत दोन शनिवार फिरलो. फार काही नाही केलं. पण प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच होता, “पत्ता काय?”

तुमच्या गावाजवळ असा एखादा कॅम्प असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!