आरोग्यविमा, शासनपुरस्कृत : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील इतिहास व प्रचलित गैरसमज

रुग्णालयातील ठराविक उपचारांचा खर्च विम्याच्या तत्त्वावर भागविण्याची व त्यासाठी लागणारा हप्ता लाभार्थी कुटुंबाऐवजी पूर्णतः किंवा अंशतः शासनाने भरण्याची व्यवस्था. या व्यवस्थेत चार पक्ष असतात : हप्ता भरणारे शासन, जोखीम पत्करणारी विमा कंपनी, उपचार करणारे अंगीकृत रुग्णालय आणि लाभार्थी कुटुंब. करार पहिल्या तीन पक्षांत होतो. लाभार्थी कुटुंब त्यावर सही करीत नाही आणि करारातील अटी त्यास बहुधा आजारपणाच्या ऐन प्रसंगीच कळतात. या विम्याविषयीच्या गैरसमजांचे मूळ पुष्कळसे येथे आहे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. एकाच योजनेत ते निरनिराळ्या वेळी आले, आणि दोहोंच्या सीमेपलीकडे दुसऱ्या राज्यांच्या वेगळ्या योजना चालू होत्या.

आजारपणाच्या सक्तीच्या विम्याचा पहिला राष्ट्रीय कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळी १८८३ मध्ये झाला. भारतात १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने कारखान्यांतील कामगारांना असे संरक्षण मिळाले. परंतु शेतमजूर व कोरडवाहू शेतकरी त्याच्या कक्षेबाहेर राहिले. नांदेड व लातूरमधील बहुसंख्य लोक याच वर्गातले. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार शासकीय कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ नावाचे विमापत्र आणले, पण ते पगारदार शहरी कुटुंबांपुरतेच राहिले. खाजगी विमा कंपन्यांना वाव मिळाला तो १९९९ च्या विमा नियामक कायद्यानंतर.

महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये सुरू केलेली जीवनदायी आरोग्य योजना ही विमायोजना नव्हती. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाच्या हृदय, मेंदू, मूत्रपिंड इत्यादींच्या खर्चिक शस्त्रक्रियांसाठी ते एक अर्थसाहाय्य होते. त्याकरिता अर्ज करावा लागे, कागदपत्रे जोडावी लागत आणि मंजुरीनंतर रक्कम रुग्णालयास मिळे. नांदेड–लातूरच्या रुग्णाला उपचारांसाठी बहुधा मुंबई–पुण्यासच जावे लागे. अर्ज, शिफारस आणि मंजुरीची प्रतीक्षा हा जो क्रम त्या काळी लोकांच्या मनात रुजला, तो योजना पालटल्यावरही गेला नाही. ‘मंत्रालयातून पैसे येतात’, ‘पुढाऱ्याचे पत्र लागते’ अशा समजुती आजही ऐकू येतात. त्या अडाणीपणाच्या म्हणता येत नाहीत. एके काळच्या खऱ्या अनुभवाचे ते अवशेष आहेत. या विम्याविषयीचे इतरही अनेक गैरसमज तपासले असता, त्यांमागे कोणत्या तरी आधीच्या किंवा शेजारच्या योजनेचा खराखुरा नियम आढळतो.

शेजारच्या योजनांचा प्रभाव या जिल्ह्यांत विशेष आहे. आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ रोजी राजीव आरोग्यश्री योजना तीन जिल्ह्यांत सुरू होऊन लवकरच राज्यभर पसरली. तिची पहिली विमा कंपनी खाजगी होती. नांदेडच्या देगलूर, बिलोली, धर्माबाद व किनवट या तालुक्यांचे निजामाबाद, आदिलाबाद व हैदराबादशी हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनचे दळणवळण आहे, सोयरिकी आहेत. कर्नाटकाने २०१० मध्ये गुलबर्गा विभागापासून वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली आणि लातूरच्या उदगीर व निलंगा भागातील लोकांना परिचित असलेला बीदर जिल्हा तिच्या पहिल्या क्षेत्रात आला. ही योजना विमा कंपनीविना, शासकीय न्यासामार्फत चालविली गेली. पलीकडच्या गावी नातलगाची हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य झाल्याचे पाहून अलीकडच्या माणसाने तीच अपेक्षा धरणे स्वाभाविक होते. परंतु प्रत्येक राज्याची योजना त्या राज्याच्या शिधापत्रिकेशी बांधलेली होती. केंद्राच्या २००८ मधील राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबातील पाच जणांना वार्षिक ३०,००० रुपयांपर्यंत संरक्षण होते आणि कुटुंबास नोंदणीसाठी ३० रुपये द्यावे लागत. ‘पाचच माणसे’ व ‘नोंदणीचे पैसे’ या दोन समजुतींचे मूळ या योजनेत दिसते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई व मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. लातूरसह उर्वरित जिल्ह्यांत ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी आली. या सोळा महिन्यांहून अधिक काळात मुखेड तालुक्यातील पिवळ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबास जे संरक्षण होते, ते लगतच्या जळकोट किंवा उदगीर तालुक्यातील तशाच कुटुंबास नव्हते. योजना प्रायोगिक तत्त्वावर टप्प्याने राबविण्यामागे प्रशासकीय कारण होते, हे खरे. पण गावच्या शिवेवरून ओढलेल्या या रेषेचा खुलासा लोकांपर्यंत नीट पोहोचला नाही. ‘त्यांना मिळते, आम्हांला नाकारतात’ या संशयास त्यामुळे जागा मिळाली.

योजनेनुसार वार्षिक एक लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत संरक्षण होते. सूचीत ९७१ उपचार व शस्त्रक्रिया होत्या. नॅशनल इन्शुरन्स ही विमा कंपनी होती आणि शासन दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरीत असे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा साहाय्यक नेमलेला असे. तो रुग्णाची नोंद करी, रुग्णालय उपचारास पूर्वमंजुरी मागवी आणि घरी सोडल्यावर आपला दावा कंपनीकडे धाडी. रुग्णाच्या हाती रक्कम देण्याची तरतूद यात कधीही नव्हती. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे नाव देण्यात आले.

सुशिक्षितांत आढळणारा एक गैरसमज असा, की हा खाजगी विमा आहे व शासन खाजगी कंपन्यांना अनुदान देते. आंध्रच्या आरंभकाळास व इतर काही राज्यांस हे लागू पडते, महाराष्ट्रास नाही. येथे पहिल्या पर्वात नॅशनल व १ एप्रिल २०२० पासून युनायटेड इंडिया या दोन्ही कंपन्या १९७३ च्या राष्ट्रीयीकरणातून आलेल्या होत्या. खाजगीपणा आहे तो दुसऱ्या ठिकाणी. अंगीकृत रुग्णालयांत खाजगी रुग्णालयांचा वाटा मोठा आहे. म्हणजे शासकीय निधी शासकीय कंपनीमार्फत बऱ्याच अंशी खाजगी रुग्णालयांकडे जातो. शासकीय रुग्णालयेही अंगीकृत असतात आणि त्यांनाही दाव्याची रक्कम मिळते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. ‘सरकारी दवाखान्यात योजना कशाला, तेथे तर फुकटच असते’ असे म्हणून आरोग्यमित्राकडे नोंद न करणारा रुग्ण नकळत त्या रुग्णालयाचे उत्पन्न बुडवितो. सूचीतील शंभराहून अधिक उपचार तर केवळ शासकीय रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले होते. ज्या शस्त्रक्रिया गरज नसताना केल्या जाण्याचा संभव असतो, त्यांना आळा घालण्याचा हा एक उपाय मानला जातो. आंध्रमध्ये आरोग्यश्रीखाली गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांविषयी तक्रारी झाल्या आणि पुढे ती शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांपुरती मर्यादित करण्यात आली. योजनेत असलेली शस्त्रक्रिया शेजारच्या अंगीकृत खाजगी रुग्णालयात नाकारली गेली, तर त्याचे कारण दर वेळी लबाडी नसते; ती राखीव सूचीत असण्याचाही संभव असतो.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज सूचीविषयी आहे. विमा आजाराचा नसून सूचीतील उपचाराचा असतो. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, मधुमेह व रक्तदाबाची रोजची औषधे, साधा ताप इत्यादींचा खर्च यात येत नाही. ग्रामीण कुटुंबाचा वर्षभरातील औषधोपचाराचा पैसा तर मुख्यतः याच किरकोळ दिसणाऱ्या बाबींवर जातो. ‘पाच लाखांचे कार्ड आहे’ या भरवशावर रुग्णाला जवळच्या, पण अंगीकृत नसलेल्या रुग्णालयात दाखल करणारे कुटुंब देयक हाती पडल्यावर सावकाराकडे वळते. त्या खर्चाची भरपाई नंतर मिळत नाही. खाटा, अतिदक्षता विभाग, विशेषज्ञ यांविषयीच्या अटींमुळे अंगीकृत रुग्णालये नांदेड व लातूर या शहरांत एकवटणे अपरिहार्य होते. किनवटच्या डोंगराळ भागातील रुग्णाच्या दृष्टीने जिल्ह्यात योजना असणे आणि हाताशी रुग्णालय असणे यांत मोठे अंतर राहते. संरक्षणाची रक्कम माणशी नसून कुटुंबाची एकत्रित असते आणि वर्षअखेरीस उरलेला भाग पुढील वर्षात मिळविला जात नाही. कार्डात पैसे ‘जमा’ असतात ही कल्पना बँकेच्या व्यवहारावरून आलेली आहे.

शिधापत्रिकेच्या रंगाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशी तिरंगी पद्धत १ मे १९९९ पासून आली. ती धान्यवाटपासाठी योजिलेली होती. एक लाख रुपयांवरील उत्पन्नाची पांढरी, ही मर्यादा तेव्हाच्या रुपयाच्या मानाने ठरली होती. आरोग्यविम्याने तीच फूटपट्टी उचलली, आणि धान्यासाठी फारशी न लागणारी पांढरी पत्रिका घेतलेली अनेक शेतकरी कुटुंबे कोरडवाहू शेती तोट्यात असतानाही विम्याबाहेर पडली. पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे चिंतेचा विषय झालेल्या मराठवाड्यातील आठ व विदर्भातील सहा अशा १४ जिल्ह्यांत पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांना प्रवेश देण्यात आला. त्यांत नांदेड व लातूर दोन्ही होते. पुरावा म्हणून सातबारा उतारा लागे. पांढरी पत्रिका असलेला भूमिहीन मात्र बाहेरच राहिला.

केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिची पात्रता शिधापत्रिकेवर नव्हे, तर २०११ च्या सामाजिक–आर्थिक जातगणनेवर ठरली. कुटुंबाच्या आकारास मर्यादा नव्हती आणि संरक्षण पाच लाखांचे होते. एकाच वाड्यातील दोन भावांपैकी एकाचे नाव केंद्राच्या यादीत, तर दुसऱ्यास राज्याचे दीड लाखांचे संरक्षण, अशी स्थिती त्यामुळे शक्य झाली. १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यात आल्या. दीड लाखांपर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीमार्फत थेट शासनावर, अशी संमिश्र रचना करण्यात आली. ‘पाच लाखांचा विमा’ हा शब्दप्रयोग म्हणूनच काटेकोर नाही. वरचा मोठा भाग विमा नसून शासनाची हमी होती. या वेळी कुटुंबामागील हप्ता ७९७ रुपये होता. राज्याच्या योजनेतील दीड लाखांची मर्यादा तीच असताना हप्ता दुपटीहून अधिक झाला. उपचारांचा वाढता खर्च व योजनेचा वाढता वापर यांचा हा परिणाम मानता येईल. हप्ता दावे होवोत वा न होवोत द्यावाच लागतो, तर हमीपद्धतीत झालेल्या उपचारापुरताच खर्च येतो. दोहोंतील हा भेद हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

विमा आला म्हणजे शासकीय रुग्णालयांवरील भांडवली खर्चाची निकड कमी झाली, हा धोरणकर्त्यांच्या वर्तुळातील समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये व लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले आणि गंभीर रुग्णांचा ओघ आजही प्रामुख्याने त्यांच्याकडेच आहे. नांदेडच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे व मनुष्यबळ यांच्या कमतरतेचा प्रश्न पुढे आला, रुग्णालयाने औषधटंचाई नाकारली आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. कारणमीमांसा काहीही असो, विमा येथे कितपत उपयोगी पडतो हे स्पष्ट आहे. दाव्याची रक्कम उपचारानंतर व रुग्णागणिक मिळते. परिचारिकेचे रिक्त पद किंवा नवजात कक्षातील अपुरी खाट तिने आगाऊ भरून निघत नाही.

२०२३ मधील निर्णयान्वये राज्याच्या योजनेची मर्यादा पाच लाखांवर नेऊन ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली, सूचीत १,३५६ उपचार समाविष्ट झाले, मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाखांवर गेली आणि १ जुलै २०२४ पासून अंमलबजावणी सुरू झाली. पत्रिकेचा रंग आता पात्रता ठरवीत नाही; तरी ‘आमची पांढरी आहे’ असे म्हणून चौकशी न करताच रोख पैसे भरणारी कुटुंबे आढळतात. रंगाऐवजी अडचण येते ती नावाची. पत्रिकेवर सासरी आलेल्या सुनेचे नाव चढलेले नसते. निजामाबाद किंवा बीदरकडून आलेल्या सुनेचे नाव तर दुसऱ्या राज्याच्या पत्रिकेवर राहिलेले असू शकते. नवजात बालकाचे नाव पत्रिकेवर असणे शक्यच नसते. त्याच्यासाठी जन्माचा दाखला व मातापित्यांची ओळखपत्रे चालतात, पण ही तरतूद माहीत नसल्याने पहिले काही दिवस बिनानोंदीचे जातात. नाव चढविण्याचे काम तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत होते, आणि ते आजारपण येण्यापूर्वी करून ठेवावे लागते.