मोटरसायकलच्या वायरिंगचे जोड आणि गंज

सुरुवातीच्या मोटरसायकलींत विजेचे जोड जवळजवळ नव्हतेच. दिवा कार्बाइडच्या गॅसवर जळे आणि बॉशचा 1902चा उच्च दाबाचा मॅग्नेटो आल्यावर ठिणगीसाठी बॅटरीही लागेना. पुढे डायनॅमो, बॅटरी आणि विजेचे दिवे रुळले, तशी तांब्याची तार आणि पितळी टर्मिनल चाकाने उडवलेल्या पाण्याच्या तोंडी आली.

पहिला बळी बॅटरीच्या टर्मिनलचा. आम्लाची वाफ धातूला खाते आणि वर पांढरट-हिरवी भुकटी जमते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवायची, टर्मिनल पॉलिश पेपरने घासायचे, बोल्ट आवळायचा आणि मग व्हॅसलीन फासायचे, ही गॅरेजमधली जुनी रीत. व्हॅसलीनचे अमेरिकी पेटंट 1872चे; पेट्रोलच्या मोटरसायकलीपेक्षा ते जुने.

युद्धोत्तर ब्रिटिश मोटरसायकलींत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे. ओलाव्यातून विजेची गळती होते तेव्हा धन बाजूचा धातू विरघळतो; झीज व्हायचीच तर ती बारीक तारेऐवजी जाड लोखंडाची व्हावी, असा हिशेब त्यामागे सांगितला जाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याच कारणासाठी धन टोक जमिनीला जोडतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढल्यावर मोटरसायकलींनी मात्र ही पद्धत सोडली.

खरी कसोटी 6 व्होल्टच्या गाड्यांची होती. भारतात राजदूत आणि येझदी या दाबावरच धावल्या. 36 वॅटचा दिवा 6 व्होल्टवर 6 अँपिअर ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडाला गंज धरून तिथे 0.1 ओहम रोध तयार झाला, तर 0.6 व्होल्ट तिथेच खर्च होतात. दाब असा दहा टक्के उतरला की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. 12 व्होल्टवर तेवढ्याच वॅटच्या दिव्यासाठी त्याच जोडात फक्त 0.3 व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के, जातात. दाब दुप्पट झाल्याने गंज थांबला नाही. त्याचा त्रास तेवढा कमी जाणवू लागला.

गंजावरचा खरा उपाय म्हणजे हवा-पाणी बाहेर ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इग्निशनसाठी सिलिकॉनचे ग्रीस वापरात आले आणि पुढे ते वाहनांच्या कपलरमध्येही, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगमध्येही, गेले. ते वीजवाहक नाही. पिना एकमेकींना घट्ट भिडतात तिथून ते बाजूला सरते आणि भोवतालची पोकळी भरून काढते. पितळी पिनांवर कथिलाचा थर आला. पितळी भांड्यांना कल्हई करतात, तोच हा धातू. नंतरच्या कपलरमध्ये प्रत्येक तारेभोवती रबरी रिंग बसली, आणि संरक्षणाचे मुख्य काम ग्रीसपेक्षा तिच्याकडे गेले.

एप्रिल 2020 पासून भारतातल्या बीएस-6 उत्सर्जन नियमांमुळे इंधन इंजेक्शन बहुतेक मोटरसायकलींत आले. त्यासोबतच्या ऑक्सिजन सेन्सरचा संकेत साधारण एका व्होल्टच्या आतला असतो. जोडावरच्या पातळ थरानेही तो बिघडतो. त्यामुळे टेस्ट लॅम्पची सुई तारेत टोचून करंट तपासण्याची जुनी सवय आता महाग पडते. त्या छिद्रातून शिरलेले पाणी तांब्याच्या बारीक धाग्यांमधून आत झिरपत जाते आणि वरून धडधाकट दिसणारी तार आतून हिरवी पडते.